दुसरं डेरगं

"सुनेची खुर्ची दाराजवळ ठेव," हिलाल नाना म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागले.

सुलक्षणाच्या दोन्ही हातांत खुर्च्या होत्या. जेवणाच्या टेबलाच्या, सागवानी, उंच पाठीच्या. त्या खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. एकोणीस वर्षं ती नानांसाठी खुर्च्या मांडत आली होती. धुळ्यात, शिरपूरला, चोपड्याला, जिनिंगवाल्यांच्या आणि डॉक्टरांच्या बैठकीच्या खोल्यांत. पद्धत ठरलेली. सगळ्या घराला एकत्र बसवायचं, चहा फिरवायचा, मग नाना उठणार, पहिल्या दिवसापासूनची हकीकत सावकाश सांगत जाणार आणि शेवटी एक नाव घेणार. ज्याचं नाव घ्यायचं त्याची खुर्ची दाराजवळ. मागे पोलीस उभा राहू शकतो, माणूस उठून पळालाच तर दोन पावलांत हाताला लागतो, आणि नाव घेतल्यावर सगळ्यांना मान वळवून बघावं लागतं. ते नानांना आवडायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. दोघांनाच माहीत होतं. म्हणून पावणेअकरा वाजता, मंडळी जमायला सव्वा तास असताना, तिला कळलं की नाना चारुलताचं नाव घेणार आहेत. चारुलताने काहीही केलेलं नाही हे तिला माहीत होतं. नानांनाही माहीत होतं. तिनेच सोमवारी सांगितलं होतं. आज शुक्रवार.

"ऐकलंस ना?" नाना म्हणाले. "आणि एक खुर्ची जास्त झाली. तू मागे उभी राहशील."

तिने खुर्च्या ठेवल्या. एक खिडकीपाशी, एक दाराजवळ. हात आपोआप करत होते आणि हातांचाच तिला आधी राग आला. कूलरचं ओलं वारं मानेवर येत होतं तरी कानशिलं तापली होती. भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते, दोघांना चंदनाचे हार. डावीकडे भूषण, वय चाळीस. उजवीकडे नवीन, वय पस्तीस. जीवराम आबांचे दोन मुलगे. सावद्याकडे केळीची शेती, जळगावला हा बंगला, महामार्गावर केळी पिकवायची सहा चेंबरं, दिल्लीला जाणारे ट्रक. आणि एवढ्या सगळ्याला आता उरलेले सत्तरीचे आबा, त्यांची बायको कुंदाबाई, भूषणची विधवा चारुलता आणि सहा वर्षांची नात. फेब्रुवारीत भूषण तीन नंबरच्या चेंबरमध्ये मेलेला सापडला. केळी पिकताना आत कोंदट वायू साठतो, तो दिवसातून एकदा बाहेर काढावा लागतो. ते त्याला स्वतःला माहीत होतं, कामगारांना तोच शिकवायचा. दाराची कडी बाहेरून लागलेली होती. घराने अपघात म्हटलं, सगळ्यांनी अपघात म्हटलं. मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, तीन दिवस आधी नवीन दिसेनासा झाला. ट्रकबरोबर दिल्लीला गेलाय, आबा म्हणाले. आखाजी होऊन आठ दिवस झाल्यावर तो तापीच्या डोहात सापडला, डोक्याला मागून मार. त्यानंतर अपघात म्हणता येईना. गावात बोलायला लागले, पोलीस पुन्हा पुन्हा यायला लागले, तेव्हा आबांनी धुळ्याहून नानांना बोलावलं. नाना पूर्वी पोलिसात होते, आता खाजगी तपास करायचे, आणि नानांनी नाव घेतलं की प्रकरण मिटतं असा खानदेशात त्यांचा लौकिक होता.

मिटतं. या शब्दावर ती अडकली. गेली एकोणीस वर्षं तिला वाटत होतं की या शब्दाचा अर्थ उलगडतं असा आहे.

सोमवारी दुपारी ती मागच्या अंगणात गेली होती, पाणी प्यायला. भिकुबाई तिथे भांडी घासत होती. साक्रीकडची, पन्नाशीची, या घरात बावीस वर्षं. सावलीला कडुलिंबाखाली वाळूवर दोन मोठी मातीची डेरगी ठेवलेली होती, दोन्ही सारखीच, दोन्ही नवी, गळ्याला हळदकुंकवाची बोटं अजून ओली वाटावीत इतकी ताजी. सुलक्षणाने ओगराळ्याने पाणी घेतलं, तोंडाला लावलं, आणि मग प्यायचं राहून गेलं. तिच्या आईच्या घरी, धुळ्याजवळच्या खेड्यात, आखाजीला पितरांच्या घागरी पुजायचे तेव्हा ती आईच्या हाताखाली असायची. जुन्या पितरांना लहान घागर. वर्षाच्या आत जो गेला त्याच्या नावाने मात्र मोठं डेरगं, नवं कोरं, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. मेलेला माणूस वर्षभर तहानलेला असतो, त्याला त्या दिवशी पाणी मिळालं नाही तर पुढच्या आखाजीपर्यंत मिळत नाही. आई हे सांगायची तेव्हा लहान सुलक्षणाला घशात कोरड पडल्यासारखं व्हायचं. ज्या वर्षी वडील गेले त्या वर्षी डेरगं तिने स्वतः भरलं होतं, हंड्यावर हंडे ओतत, आणि ते भरतच नव्हतं.

"ही दोन कशी?" तिने भिकुबाईला विचारलं.

"दोनच पुजात ना बाईनी आखाजीले," भिकुबाई राखेचे हात न थांबवता म्हणाली. "कुंभार एक लई उना, तं बाई बोलन्यात, आखो एक लई ये. मी म्हनं, माय, एक भूषणभाऊनं शे, दुसरं कोनं? तं मनावरच वरडन्यात. तू तुनं काम कर!" मग तिने मान वर केली. "तुमी पेवा ना पानी. बठ्ठा घर तठेच पेस. का शहरनी बाईले फ्रिजनंच लागस?"

सुलक्षणा हसली होती. हसू ओठांवर असतानाच तिच्या आत तारखा एकामागून एक लागत गेल्या. आखाजीला घर म्हणत होतं नवीन दिल्लीत आहे. नवीन सापडला आठ दिवसांनी. आणि आखाजीच्या सकाळी, त्याच्या आईने, त्याच्या नावाने पाणी भरलं. कुंदाबाईला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं. इतकं पक्कं माहीत होतं की तिने घराच्या लेखी जिवंत असलेल्या मुलाच्या नावाने डेरगं पुजायचं अशुभ अंगावर घेतलं. आणि एवढं जाणूनही जी बाई गप्प बसते ती कोणासाठी बसेल? सुनेसाठी नाही. सुनेशी तर ती सरळ बोलतही नव्हती. या घरात एकच माणूस असा होता ज्याचं नाव घ्यायची तिला सवयच नव्हती.

संध्याकाळी गाडीत, पारोळ्याच्या अलीकडे, तिने हे सगळं नानांना सांगितलं. एकेक तारीख. आबांचा भूषणवरचा राग, भूषणला वाटा वेगळा करून बायकोमुलीसह पुण्याला जायचं होतं ते, नवीन दिसेनासा झाला त्या दिवशी त्याने चारुलताला तीनदा फोन केला होता आणि 'वहिनी, मला एक सांगायचंय' एवढंच बोलून ठेवला होता ते. नाना डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बघू. हॉलमध्ये." ते नेहमीच असं म्हणायचे. जे सांगायचं ते हॉलमध्ये, त्याआधी कोणाशी एक अक्षर नाही, हा त्यांचा पहिला नियम. आणि तो ती पाळत आली होती. मंगळवारी पाळला. बुधवारी पाळला. गुरुवारी पाळला. तिला वाटलं, सांगितलं ना, आता नाना आहेत.

पावणेबाराला ती त्यांना मागच्या व्हरांड्यात गाठू शकली. ते काळा चहा पीत होते, लिंबू पिळून.

"नाना, दाराजवळ चारुलता का?"

"कारण तिने केलं."

"नाही केलं तिने. मी सोमवारी तुम्हाला सांगितलं."

"तू मला मडकी सांगितलीस." ते हसले. राग नव्हता त्या हसण्यात, तेच जास्त वाईट होतं. "मडकं साक्षीला उभं करणार तू? म्हातारी म्हणेल, एक फुटलं तर असावं म्हणून आणलं. संपलं. उलट त्याने ठेवल्यावर सुनेने नवीनला परत केलेला फोन नोंदीत आहे. नवऱ्याशी भांडण शेजाऱ्यांनी ऐकलेलं आहे."

"ते भांडण पुण्याला जायचं त्यावरून होतं. ती म्हणत होती इतक्यात नको."

"सुलक्षणा," नाना म्हणाले, "ती डेरगी मी पहिल्या दिवशीच पाहिली. तुझ्या आधी तीन दिवस. बोट लावून पाहिलं, नवी आहेत. मी काय आंधळा आहे का बाई?" त्यांनी कप बशीवर ठेवला, आवाज न करता. "आबा या वयात आत गेले तर दोनशे माणसांची घरं चालतात ती बंद पडतील. सून तरुण आहे, मास्तरीण आहे, पुराव्याअभावी सुटेलही दोनचार वर्षांत. तोपर्यंत सगळं थंड होतं. तू कपडे नीट कर, पदर मागे अडकलाय. मंडळी येतील."

ते आत गेले. ती व्हरांड्यातच राहिली. इथपर्यंत ती धरून चालली होती की नानांची चूक होतेय आणि ती दुरुस्त करता येईल. आता ते गेलं. नानांची चूक कधीच झाली नव्हती. हे वाक्य तिच्या डोक्यात आपोआप तयार झालं आणि मग ते थांबेना. एकाही प्रकरणात चूक झाली नव्हती. ते दर वेळी बरोबर माणसापर्यंत पोचत होते, तिच्या आधी पोचत होते, आणि तिथून मागे वळून दुसऱ्या कोणाची तरी खुर्ची दाराजवळ ठेवायला सांगत होते. चोपड्याची मोलकरीण. शिरपूरच्या डॉक्टरांचा कंपाउंडर. धुळ्याच्या जिनिंगवाल्याकडचा ड्रायव्हर छगन. छगनच्या प्रकरणात वेळांचा तक्ता तिने काढला होता, फूटपट्टीने, लाल आणि निळ्या पेनाने. किती वाजता गाडी निघाली, किती वाजता परत आली, मधली चाळीस मिनिटं कुठे. तक्ता सुंदर झाला होता. नानांनी तो भिंतीवर लावून दाखवला होता. छगन दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, टोपी मांडीवर, आणि नाव घेतल्यावर त्याने सगळ्यांसारखीच मान वळवून मागे पाहिलं होतं, आपल्या मागे कोणी आहे का ते. लोक हसले होते. तीही हसली होती. नंतर त्याची बायको ऑफिसच्या जिन्यावर आठ दिवस येऊन बसायची, काही मागायची नाही, आणि सुलक्षणा तिला ओलांडून वर जायची. ओलांडताना साडी उचलून धरायची. हे आठवलं तेव्हा तिने व्हरांड्याच्या कठड्याला धरलं. कठडा उन्हाने तापलेला होता, तळवा भाजला, तरी काढला नाही. राग म्हणजे काहीतरी वर उसळतं असं तिला आजवर वाटायचं. हा खाली जात होता. पोटातून पायांत, पायांतून फरशीत, आणि तिला जागचं हलू देत नव्हता. कोणावर होता ते नक्की होतं: त्या माणसावर, त्याच्या लिंबाच्या चहावर, त्याच्या 'पदर मागे अडकलाय'वर. पदर अडकलेला होता. तिने तो नीट केला नाही.

बाराला सगळे बसले. आबा मधल्या सोफ्यावर, पांढरं धोतर, हातात काठी. ती कधी टेकत नसत, नुसती मांडीवर आडवी धरत. शेजारी कुंदाबाई, डोक्यावरून पदर. आबांचा मेहुणा रुपचंद, भुसावळला रेल्वेत होता, नुकताच रिटायर झालेला, त्याला सगळ्याची मजा वाटत होती. दोन नातेवाईक. पोलीस निरीक्षक खिडकीपाशी. चारुलता आली, कोणती खुर्ची ते पाहिलं आणि बसली. महिला शिपाई तिच्या मागे जाऊन उभी राहिली. चारुलताने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"नाना, चालू करा कीर्तन," रुपचंद म्हणाला. "मेहुण्यांच्या घरी चहा चांगला, पण कूलर भिकार."

नाना उठले. ते चांगलं बोलायचे, हे नाकारता येत नव्हतं. त्यांनी चेंबर सांगितलं, कडी सांगितली, बाहेरून कडी लावायला ताकद लागत नाही, बोटही पुरतं, हे सांगितलं. बोट म्हणताना बायकांच्या बाजूला पाहिलं. नवरा-बायकोचं भांडण सांगितलं. मग नवीनला आलेला फोन. वाक्यं एकामागून एक दाराकडे सरकत होती आणि सुलक्षणाला प्रत्येक वाक्य आधीच ऐकू येत होतं, कारण अशी वाक्यं कशी बांधायची ते तिला पाठ होतं. आता ते 'म्हणजे' म्हणतील. मग थांबतील. पाणी पितील.

"म्हणजे," नाना म्हणाले आणि ग्लास उचलला.

"काकू," सुलक्षणा मागून म्हणाली. आवाज तिला स्वतःला परका वाटला, उंच आणि कोरडा. "आखाजीला पितरांचा घास अग्नीत टाकला तेव्हा तुम्ही नवीनचं नाव घेतलं का?"

कुंदाबाईने वर पाहिलं.

"सुलक्षणा," नाना म्हणाले.

"सापडायच्या आठ दिवस आधी तुम्ही त्याच्या नावाने डेरगं पुजलं. तो दिल्लीत होता ना? मग त्याला पाणी कशाला दिलं?"

रुपचंदचा कप अर्ध्यावर थांबला. आबांनी बायकोकडे न बघता, फोटोंकडे बघत म्हटलं, "कुंदा. आत जा."

कुंदाबाई उठली. सुलक्षणाला वाटलं, गेली. पन्नास वर्षांच्या सवयीने गेली, संपलं. पण ती उभीच राहिली, सोफ्याच्या हाताला धरून.

"नाई जात," ती म्हणाली. मग सुलक्षणाकडे वळून, जणू खोलीत त्या दोघीच होत्या, "त्याले तहानलेला ठेवू का वो बाई वर्षभर? मी माय हाये त्याची. मले माहित व्हतं तो नाई. ओट्यावर पडेल व्हता. सकाळी मीच ओटा धुतला. मीच. दोन बादल्या पानी लागलं."

"कुंदा."

"मोठ्याच्या येळीबी मी इचारलं नाई. कडी कोनी लावली, नाई इचारलं. म्हटलं, रागात व्हतं मानूस. राग गेल्यावर उघडील." तिचा आवाज कुठेच चढला नाही. "धाकट्यानं पाह्यलं व्हतं. तो म्हने, माय, मी वहिनीले सांगतो. मी म्हटलं, बापाले इचार आधी. मीच म्हटलं त्याले."

आबांची काठी मांडीवरून घसरून फरशीवर पडली आणि कोणी उचलली नाही. निरीक्षक खिडकीपासून दोन पावलं पुढे आला. त्याने आबांकडे पाहिलं, मग नानांकडे.

नानांनी ग्लास खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरची एकही रेष हलली नाही.

"हेच," नाना म्हणाले. "हेच मला या घराच्या तोंडून ऐकायचं होतं. मातीचं भांडं पुरावा होत नाही साहेब, आईचा शब्द होतो. म्हणून सूनबाईंना दाराजवळ बसवलं. खऱ्याला बेसावध ठेवावं लागतं. आणि नेमक्या क्षणी प्रश्न विचारायचं काम माझ्या सहायिकेचं होतं." त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, शाबासकीची. "ती डेरगी मी पहिल्या दिवशीच पाहिली होती."

हे शेवटचं तर खरं होतं.

"वा नाना!" रुपचंद म्हणाला, आणि मग आपण कोणाच्या घरात, कोणाविषयी म्हणालो ते कळून त्याने तोंडावर हात ठेवला.

निरीक्षक वही काढत होता, नाना त्याला तारखा सांगत होते. तिच्या तारखा, तिच्या क्रमाने, गाडीत सांगितल्या तशाच. सुलक्षणाला वाटलं आता ओरडावं. त्या माणसाच्या हातून ती वही ओढावी, सगळ्यांना छगन सांगावा, जिन्यावरची बाई सांगावी. जागा होती, माणसं होती, पोलीस होता. ती पुढे आलीही. तेवढ्यात समोर चारुलता उभी होती. मागची शिपाई बाजूला झाली होती आणि चारुलता उठून सरळ तिच्याकडेच आली होती. रडत नव्हती. जवळून ती पेपरात छापून आलेल्या फोटोपेक्षा लहान दिसत होती.

"तुम्हाला हे कधी कळलं?" तिने विचारलं.

"सोमवारी."

"सोमवारी." तिने तो शब्द नीट ऐकून घेतला. "मंगळवारी मला सकाळी दहापासून चौकीवर बसवून ठेवलं होतं. कडी कशी लावली ते करून दाखवा म्हणाले, सहा वेळा. बुधवारी शाळेतून फोन आला, येऊ नका. काल मुलगी जिन्यात दिसली. मी हात पुढे केला, तर ती आजोबांच्या मागे जाऊन उभी राहिली. आजोबांच्या." ती थांबली. "सोमवारी संध्याकाळी तुम्ही माझ्या समोरून गेलात. मी गेटपाशी होते. तुम्ही नमस्कार केलात."

मी नानांना सांगितलं होतं, हे उत्तर सुलक्षणाच्या जिभेवर तयार होतं. तयार, घोटीव, एकोणीस वर्षं वापरलेलं. जिन्यावरच्या बाईलाही तिने हेच सांगितलं होतं: नानांना विचारा. ते तिने तोंडातच ठेवलं. इतका वेळ पायांतून फरशीत जाणारा तो राग आता जाईना. तिथेच राहिला, आणि कोणाचा, कोणावरचा, हे पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.

"हो," ती म्हणाली. "केला होता."

चारुलता वळली, निरीक्षकाच्या आणि नानांच्या मधून वाट काढून जिन्याकडे गेली. नाना बाजूला झाले, म्हणाले, "सूनबाई, या खटल्यात आता तुमची साक्ष," पण ती थांबली नाही. तिच्या चपला पायऱ्यांवर वाजत वर गेल्या. वर एक दार होतं, ते आतून बंद असावं, कारण तिने ते ठोठावलं. मग मुलीला हाक मारली. कूलर चालू होता. सुलक्षणाने जाऊन त्याचं बटण बंद केलं आणि वर पाहत उभी राहिली.

हाक पुन्हा आली. आणि थोड्या वेळाने, पुन्हा.